ईस्टरचा मंगळवार

वेस्ट इंडीजमधल्या टोबॅगो बेटावरही ईस्टर रविवारीच येतो. पण "यंदा ईस्टरला काय बेत?" असं तिथल्या कुणाला विचारलं, तर उत्तर मंगळवारचं मिळतं. चर्चच्या कॅलेंडरात त्या मंगळवारचं वेगळं कौतुक नाही. सरकारी सुट्टीही नाही. गुड फ्रायडे आणि ईस्टर मंडे या दोन सुट्ट्या उपभोगून झाल्या की मुकाट कामावर परतायचा तो दिवस. तरी दुपार झाली की बेटावरची कामं ढेपाळतात, दुकानं लवकर आवरती घेतली जातात आणि माणसं बकू नावाच्या गावाकडे निघतात. तिथे बोकडांच्या शर्यती असतात.

पर्यटकांना रिझवायला हॉटेलवाल्यांनी काढलेली ही टूम नव्हे. शर्यती 1925 साली सुरू झाल्या. मधे करोनाने खंड पाडला, ते सोडलं तर गावाने त्या जिवापाड सांभाळल्या. आम्ही गेलो ते 2025 साली, म्हणजे शंभर वर्षं भरत होती तेव्हा.

आम्ही राहतो ट्रिनिडादमध्ये. नैसर्गिक वायूवर चालणारे अमोनिया आणि मिथेनॉलचे मोठाले कारखाने पॉइंट लिसासला आहेत, तिथे नवऱ्याची नोकरी. 'ट्रिनिडाद अँड टोबॅगो' हे नाव आपल्याकडे माहीत आहे ते क्रिकेटमुळे. 1971 साली पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर गावसकर पहिली कसोटी खेळला आणि वेस्ट इंडीजला आपण कसोटीत पहिल्यांदा हरवलं, ते याच देशात. माझ्या वडिलांना त्या दोन डावांतल्या गावसकरच्या धावा आजही पाठ आहेत, 65 आणि नाबाद 67. पण 'अँड'च्या पुढे जे उरतं त्याची चौकशी सहसा कुणी करत नाही. खुद्द ट्रिनिडादमध्येही लोक देशाला सरळ 'ट्रिनिडाद' म्हणून मोकळे होतात, आणि टोबॅगोच्या माणसाला ते ऐकताना जे होतं ते त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसतं.

बेट लहानच. साधारण तीनशे चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या निम्मं. वस्ती साठ हजारांच्या घरात. एकेकाळी साखरेच्या पैशाने ते इतकं मातलं होतं की 'टोबॅगोच्या मळेवाल्यासारखा श्रीमंत' असं लंडनमध्ये म्हणायचे. ती साखर पिकवली आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी. त्यांना पुरतं स्वातंत्र्य मिळायला 1838 उजाडलं. पुढे साखर बसली, मळे बुडाले, बेट इंग्रजांना डोईजड झालं. मग 1889 साली त्यांनी ते शेजारच्या ट्रिनिडादला जोडून दिलं आणि 1898 साली त्याचा दर्जा एका वॉर्डावर आणून ठेवला. तेव्हापासून टोबॅगोची तक्रार एकच: तिकडून उरेल ते इकडे येणार. 1980 साली त्यांची स्वतःची विधानसभा झाली तरी तक्रार तिच्या जागी आहे. मंगळवारच्या शर्यतीचा आणि या तक्रारीचा संबंध आहे, तो पुढे येईलच.

ईस्टरला निम्मं ट्रिनिडाद टोबॅगोला जातं असं म्हणायची पद्धत आहे. विमानाने वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर, पण तिकिटं कधीच संपलेली असतात. बोटीला तीन-चार तास लागतात आणि मधल्या सामुद्रधुनीत ती अशी हलते की सणासुदीच्या उत्साहात घरून भरपेट निघालेले लोक अर्ध्या वाटेत गप्प होतात. आमच्या शेजारच्या आंटी दरवर्षी याच बोटीने जातात. त्यांचे पूर्वज ऊस तोडायला गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आले होते, बिहार-उत्तर प्रदेशाकडून. 1845 ते 1917 या काळात असे एक लाख चाळीस हजारांहून जास्त लोक ट्रिनिडादला आले. आंटी पक्क्या हिंदू, अंगणात झेंडा, घरात हनुमान. पण बोटीत बसण्याआधी पवित्र गुरुवारी त्या दक्षिणेला सिपारियाला जाऊन येतात. तिथल्या कॅथलिक चर्चमध्ये मरीयेची सावळी मूर्ती आहे. हिंदू तिला सिपारी माई म्हणतात, तांदूळ नि तेल वाहतात, मुलांचं जावळही तिथेच काढतात. गुरुवार आणि शुक्रवार हे दोन दिवस मूर्तीपुढे हिंदूंचीच रांग असते. बांद्र्याच्या मोत माउलीला मेणबत्ती लावून आलेल्या माझ्या आत्याला हे सांगितलं तर ती फक्त एवढंच विचारेल, की नवसाला पावते का?

टोबॅगोत गिरमिट्ये फारसे पोचले नाहीत. बेट जवळजवळ सगळं आफ्रिकी वंशाचं, आणि मेथडिस्ट, मोरेव्हियन, अँग्लिकन, अ‍ॅडव्हेंटिस्ट अशा प्रॉटेस्टंट चर्चांचं. आम्ही जिच्याकडे उतरलो होतो ती म्हातारी मेथडिस्ट. तिला सगळा गाव ग्रॅनी म्हणतो, म्हणून आम्हीही. बकूच्या वरच्या अंगाला टेकडीवर तिचं घर, खालच्या दोन खोल्या भाड्याने. पहिल्याच सकाळी तिने माझ्या लेकीला बेटाचा कायदा शिकवला: कुणीही दिसलं, ओळखीचं असो नसो, आधी गुड मॉर्निंग. दुकानात शिरल्याबरोबर काय पाहिजे ते मागायचं नाही. आधी सगळ्यांना गुड मॉर्निंग, मग पाव. कन्या मुंबईत वाढलेली. तिला हा फारच लांबचा रस्ता वाटला.

शुक्रवार पाळायचा म्हणजे पाळायचा. रेडिओवर स्तोत्रं, घरात खिळा ठोकायचा नाही, मांस नाही, आणि समुद्रात पाऊल टाकायचं नाही. गुड फ्रायडेला समुद्रात पोहलं की माणसाचा मासा होतो. ग्रॅनीने हे सांगितलं ते पावसाचा अंदाज सांगावा तितक्या सहज. दक्षिणेच्या किनाऱ्यांवर ट्रिनिडादचे पाहुणे खुशाल डुंबत होते. "त्यांचं काय होईल?" लेकीने विचारलं. "ट्रिनिडादला जाऊन होतील," म्हातारी म्हणाली.

सकाळी तिच्या स्वयंपाकघरात कालालू शिजत होतं. त्याचं पान म्हणजे आपलं अळूच, परसात लावलेलं, हाताएवढालं. देठांसकट चिरून, भेंडी, लाल भोपळ्याची फोड, कांदा, लसूण आणि शॅडो बेनी (रुंद, काटेरी पानाची कोथिंबीर समजा, वास दुप्पट) असं सगळं नारळाच्या दुधात घालून मंद आचेवर ठेवलं होतं. वर खेकड्याच्या फोडलेल्या नांग्या. आणि सगळ्यावर एक अख्खी, पिवळी, फुगीर मिरची नुसती तरंगत सोडलेली. त्या मिरचीकडे ग्रॅनीचं जे लक्ष होतं ते तिच्या नातवंडांकडे नव्हतं. मिरचीचा वास उतरायला हवा, पण ती फुटता कामा नये. फुटली तर भांडं कुत्र्यालाही घालता येणार नाही, इतकी जहाल. मी म्हटलं, आमच्याकडे अळवाला चिंच लागते, नाहीतर घसा खाजतो. शिवाय शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, मुळा. तिने चमच्याने मिरची हलकेच बाजूला सारत उत्तर दिलं, "घाई असली की चिंच लागते. शिजू द्यायला वेळ असला की नाही लागत." शेवटी मिरची अल्लद उचलून तिने बशीत ठेवली आणि भिंतीवरची लाकडी रवी काढली. हो, रवीच, दोन तळव्यांत धरून फिरवायची, खाली फुटवे असलेली. तिने भांड्यातलं सगळं घुसळून एकजीव केलं. ताटात मग हे हिरवं फदफदं, तळलेला मासा, उकडलेला सुरण-कोनफळाचा प्रकार, कच्ची केळी. दुपारी चहाबरोबर क्रूस काढलेले गोड पाव.

बाराच्या ठोक्याला आणखी एक विधी. काचेच्या पेल्यात पाणी घ्यायचं, त्यात अंड्याचा पांढरा बलक सोडायचा आणि पेला उन्हात ठेवायचा. बलकाचे पाण्यात उभे धागे होतात, त्यांतून आकार तयार होतात, आणि त्यावरून वर्षाचं भविष्य. देवळासारखं दिसलं तर लग्न, जहाज किंवा विमान दिसलं तर प्रवास, शवपेटी दिसली तर काय ते कळलंच. त्या चर्चमय शुक्रवारात हे कुठून आलं, याबद्दल ग्रॅनीला अजिबात कुतूहल नव्हतं. तिच्या आईने केलं, आजीने केलं. माझ्या लेकीच्या पेल्यात तिला स्वतःला गिटार दिसली, बापाला कारखान्याची चिमणी. ग्रॅनीने चष्मा लावून पाहिलं आणि विमान असल्याचा निकाल दिला. भारतात जायचं होतंच, त्यामुळे आम्हीही हरकत घेतली नाही.

संध्याकाळी तिठ्यावर बॉबोली. जुन्या पँट-शर्टात पाचोळा, चिंध्या कोंबून केलेला बाहुला, खांबाला बांधलेला. तो जूडास, तीस नाण्यांवर येशूला विकणारा. येणाऱ्या-जाणाऱ्याने त्याला काठीने बडवायचं. पोरं तर शाळेतला सगळा हिशेब चुकता करतात. जूडासच्या गळ्यात पाटी अडकवायची आणि तिच्यावर ज्याचा राग आलाय त्याचं नाव लिहायचं, ही ट्रिनिडाद-टोबॅगोची खास भर. त्या वर्षी 28 एप्रिलला देशाची निवडणूक होती, म्हणजे अवघ्या दहा दिवसांवर. आमच्या तिठ्यावरच्या बाहुल्याला पाटीच नव्हती. कुणीतरी म्हणालं, इतकी नावं आहेत की कुणाचं लिहायचं यावर भांडण झालं, म्हणून कोरा ठेवला. ज्याने त्याने मनात आपलं नाव धरून मारावं. मला ही तडजोड लोकशाहीला धरून वाटली.

शनिवारी पतंग. इथे पतंगांचा मोसम ईस्टरला, कारण वारा तेव्हा चांगला आणि पाऊस नाही. 'मॅड बुल' नावाचा एक दांडगा पतंग असतो, त्याला कागदाची जीभ लावतात आणि ती वाऱ्यात अशी घोंघावते की पतंग दिसायच्या आधी ऐकू येतो. काटाकाटीसाठी शेपटीला पातं बांधतात. बाकी शनिवार म्हणजे इस्त्री आणि बेकिंग.

रविवारी सकाळी चर्चला जाणारी बेटावरची माणसं बघावीत. पांढरं, पिवळं, फिकट गुलाबी. बायकांच्या डोक्यावर हॅट अशा की मागच्या बाकावरच्याला पाद्री दिसू नये. ग्रॅनीची जांभळी फीत लावलेली पांढरी हॅट वर्षातून दोनदा खोक्यातून निघते. गाणं मात्र खरं ऐकायचं: पेटी नावालाच, माणसं स्वतःच चार आवाजांत वाटली जातात आणि स्तोत्र छपराला जाऊन लागतं. मी मागे उभी होते, बाजूच्या बाईने न विचारता आपलं पुस्तक माझ्यापुढे धरलं आणि ओळीवर बोट ठेवलं. प्रवचन लांबलं. ते कुठे लांबत नाही?

आणि रविवारी रात्री त्याच बकू गावात 'संडे स्कूल'. नाव बायबलच्या वर्गाचं, आणि भरतो तो उघड्यावरचा नाच. आधी स्टीलपॅनचा ताफा वाजतो (तेलाच्या पिंपांतून घडलेलं हे वाद्य ट्रिनिडादनेच जगाला दिलं), मग रात्र चढली की मोठाले स्पीकर. दर रविवारी असतं, पण ईस्टरच्या रविवारी गाव मुंगीला वाट देत नाही. कार्निव्हल संपल्यावर उपवासाचे चाळीस दिवस आवरून धरलेलं सगळं त्या रात्री सुटतं. सकाळच्या पांढऱ्या कपड्यांतल्या बऱ्याच जणी मला रात्री तिथे दिसल्या, हॅट सोडून.

सोमवारी पहाटे रोमहून पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. आदल्याच दिवशी ते सज्जात येऊन लोकांना दिसले होते. ग्रॅनी चूल पेटवता पेटवता रेडिओपाशी थांबली. मी विचारलं, तुम्ही तर मेथडिस्ट. "माझा नव्हता," ती म्हणाली, "पण सण पुरा करून गेला. शहाणा म्हातारा." त्या दिवशी किनाऱ्यावर मोटारींच्या टपावर भांडी उघडलेली, पोरं वाळूत, बाप बर्फाच्या पेटीशी. पिजन पॉइंटचा समुद्र जाहिरातीत दिसतो तितकाच निळा आहे, त्याबद्दल मी वेगळं लिहिणार नाही. संध्याकाळच्या बोटीने पाहुण्यांची मोठी लाट परत गेली. रस्ते सैलावले.

आणि मंगळवार उजाडला.

गोष्ट अशी. ईस्टर मंडेला बेटावर घोड्यांच्या शर्यती व्हायच्या. घोडे मळेवाल्यांचे, अधिकाऱ्यांचे, पैसेवाल्यांचे. बाकीच्यांनी कुंपणाबाहेरून बघायचं. बार्बाडोसहून आलेले सॅम्युएल कॅलेंडर नावाचे गृहस्थ बकूत राहत होते. त्यांनी डोकं लढवलं: घोडा कुणाकडे नाही, पण बोकड घरोघरी आहे. सोमवार मोठ्या लोकांनी घेतला, तर मंगळवार कुणाचाच नाही. बोकडांना नंबर, जॉकींना रंगीत बंड्या, सगळा थाट घोड्यांच्या शर्यतीचा, आणि ठिकाण गावातला रस्ता. उरलेल्या बेटाने उरलेला दिवस उचलला आणि त्यावर उरलंसुरलं जनावर पळवलं. आता घोडे कुठल्या कुठे गेले, शर्यत बोकडांची राहिली, आणि रस्ता जाऊन तिच्यासाठी पक्कं मैदान आणि प्रेक्षकांच्या पायऱ्यांचं स्टेडियम झालं.

यात टिंगल किती आणि ईर्षा किती, हे मला तिथे बसूनही वेगळं करता आलं नाही. बहुधा सुरुवात टिंगलीने झाली असावी. पण टिंगल शंभर वर्षं कुणी जोपासत नाही. माझ्या शेजारी पायरीवर एक सडपातळ म्हातारा बसला होता, तरुणपणी जॉकी होता. त्याच्याशी बोलताना टिंगलीचा मागमूस नव्हता. बोकड कसा निवडायचा? पाय लांब, छाती खोल, पोट आत, आणि नजर इकडेतिकडे न करणारी. दोन-तीन महिने आधी तयारी सुरू. आधी दोरीवर चालायला शिकवायचं, मग पळायला, मग पहाटे समुद्रात नेऊन पोहायला लावायचं, त्याने दम वाढतो. "आणि जॉकी?" "जॉकीने त्याच्याबरोबर पोहायचं, दुसरं काय!" खाणं वेगळं, झोपायची जागा वेगळी. जिंकलेला बोकड पुढे कधी कापत नाहीत. त्याला माद्यांच्या कळपात मानाने सोडतात. हे सांगत असताना म्हातारा बोकडाच्याच मटणाची रोटी खात होता, पण तो बोकड पळणारा नव्हता.

इथला जॉकी जनावरावर बसत नाही, ही शर्यतीची खरी गंमत. हातात दोरी, दुसऱ्या हातात बारीक छडी, पांढरी चड्डी, अंगावर मालकाच्या रंगाची बंडी, पाय बहुतेकांचे अनवाणी, आणि बोकडाच्या मागे नाहीतर बाजूने जीव खाऊन धाव. अंतर शंभर मीटरच्या आसपास. लाकडी फाटकांच्या कप्प्यांत बोकड ढकलताना निम्मा वेळ जातो, कारण एकाला आत जायचं नसतं आणि दुसऱ्याला शेजाऱ्याशी टक्कर द्यायची असते. फाटक उघडलं की माइकवरचा समालोचक एका दमात सगळ्यांची नावं घेत सुटतो. पहिल्या शर्यतीत तीन नंबरचा बोकड मध्यावर पुढे होता. तिथे तो थांबला. नुसता थांबला. जॉकी दोरीच्या टोकाला ओढला जाऊन गुडघ्यांवर आला, उठला, बोकडाच्या कानाशी काहीतरी बोलला. बोकडाने ऐकून घेतलं आणि वळून सरळ कुंपणाजवळच्या एका बाईच्या हॅटवरच्या कागदी फुलांकडे निघाला. पायऱ्यांवरचे लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. म्हातारा हसला नाही. "पोराने दोरी ताणली," तो म्हणाला. "ताणायची नसते."

माझे मामा आंबेगाव तालुक्यातले, बैलगाडा शर्यतवाले. सुट्टीत आम्ही घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, कडेला बसून भंडाऱ्याने पिवळे होऊन घरी यायचो. भिर्रर्र ऐकलं की अजून माझी मान आपोआप वळते. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली तेव्हा मामांनी खिलारांची जोडी विकली नाही, नुसती दावणीला बांधून खायला घातली. 2021च्या डिसेंबरात परवानगी आली, 2023च्या मे महिन्यात घटनापीठाने कायदा उचलून धरला, तोवर त्यातला एक बैल थकून गेला होता. त्यामुळे जनावरांच्या शर्यतीबद्दल माझं मत कधीच सरळ झालेलं नाही. घाट मला हवा आहे, आणि शेपटी पिरगाळलेली मी पाहिली आहे. बकूला बसून जाणवलं ते असं: आमच्या घाटात माणूस सुरुवातीला जनावर हुसकावतो आणि बाजूला होतो. इथे त्याला शेवटपर्यंत जनावराच्या वेगाने पळावं लागतं, त्याच उन्हात, आणि छातीचा भाता आधी त्याचा फुटतो. छडी उगारायला त्याच्याकडे दमच उरत नाही. कायद्याच्या कागदांनी जे साधायचा प्रयत्न केला, ते इथे खेळाच्या रचनेतच बसलंय. हे मामांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "बैलाबरोबर पळून बघ म्हणावं."

मधल्या वेळात खेकड्यांची शर्यत. निळसर जमीन-खेकड्यांना दोरा बांधतात, पोरं बांबूच्या काठीने त्यांना पुढे घालतात, आणि खेकडा त्याच्या धर्माप्रमाणे आडवा जातो. एक तर शेजारच्या पट्टीत शिरून दुसऱ्याच्या दोऱ्यात गुंतला आणि पंचांना मधे पडावं लागलं. हरलेल्या खेकड्यांना बोकडांसारखी सवलत आहे की नाही, हे मी विचारलं नाही, कारण मैदानामागच्या टपऱ्यांवर खेकडा आणि डम्पलिंगची भांडी रटरटत होती. हा टोबॅगोचा मानाचा पदार्थ: नारळाच्या दुधातली खेकड्याची करी आणि तिच्यासोबत मैद्याचे जाड, उकडलेले, चामट गोळे. करी ट्रिनिडादच्या भारतीयांकडून आली आणि या बेटाने ती इतकी आपली केली की आता ट्रिनिडादचे लोक ती खायला इथे येतात. डम्पलिंगबद्दल मात्र मी कोकणातल्या कुणालाही शिफारस करणार नाही. तांदळाची भाकरी असताना हा हट्ट कशासाठी? माझी लेक बेनी बॉलच्या कागदी पुडीत मग्न होती. काळपट साखरेच्या पाकातले तिळाचे लाडू, आपल्यापेक्षा कडक. एक फोडायला तिने पायरीचा कठडा वापरला.

शेवटची शर्यत विजेत्यांमधली. तोवर ऊन उतरलं होतं आणि माइकवरच्या माणसाचा घसा बसला होता. दोन बोकड बरोबरीने सुटले आणि बरोबरीनेच आले. एकाचं नाक पुढे, की दुसऱ्याचा जॉकी, यावर पायऱ्यांचे दोन तट पडले. पंच बाजूला जाऊन बोलत राहिले. म्हाताऱ्या जॉकीने निकाल आधीच दिला होता, सात नंबर, आणि जाहीरही सातच झाला. सात नंबरचा मालक कुंपणावरून उडी मारून आत शिरला, त्याच्यामागे त्याचं सगळं घर, त्यात पांढरी हॅट घातलेली एक आजीही. चषक कुणाच्या हातात गेला ते गर्दीत दिसलं नाही. बोकड तेवढा दिसला, कारण त्याला खांद्यावर घेतलं होतं.

परतताना टेकडी चढत होतो. बरोबर ग्रॅनी, काठी टेकत, पण आमच्यापेक्षा पुढे. नवऱ्याने तिला विचारलं, एवढा मोठा सण, शंभर वर्षं झाली, मग सरकारकडे मंगळवारची अधिकृत सुट्टी का मागत नाही तुम्ही लोक? ग्रॅनी थांबली, वळली आणि त्याच्याकडे अशी पाहू लागली, जशी ती शुक्रवारी त्या तरंगणाऱ्या मिरचीकडे पाहत होती.

"सुट्टी दिली तर ट्रिनिडादवाले बुधवारपर्यंत राहतील," ती म्हणाली. मग चढ चढता चढता, मागे न बघता: "तुमची बोट उद्या सकाळचीच आहे ना?"